विणीचा हंगाम

लर्विकच्या कचरा आगारात मी काट्यावर बसतो.
लोक येतात, टाकतात, जातात.
ऑस्ला पॉटिंजर दर गुरुवारी येते
आणि घेऊन जाते,
बाळाच्या जुन्या ढकलगाडीतून,
जिचं चौथं चाक तीन वर्षांपूर्वीच
आमच्याकडे जमा झालं.

नियमाने मी तिला अडवायला हवं.
नियमाने इथला पाऊसही उभा पडायला हवा,
तो आडवा येतो.

मी तिच्यासाठी बाजूला ठेवतो:
बंद पडलेल्या हॉटेलचे मोहरी रंगाचे टॉवेल,
आटलेले शाळेचे स्वेटर,
सामन माशांच्या पिंजऱ्यांची जाळी,
आणि एकदा, कुणाचा ते मी विचारलं नाही,
लग्नाचा झगा, किमतीची चिठ्ठीसुद्धा न काढलेला.

झग्याचा तिने फेस केला,
कड्याच्या पायथ्याशी लाट फुटते तिथला.
टॉवेलांचं दगडफूल झालं.
शंभर वर्षांत बोटभर सरकणारं दगडफूल
तिने एका हिवाळ्यात नऊ फूट वाढवलं
आणि म्हणे दगडाची माफी मागितली.
उशांच्या अभ्र्यांचे गॅनेट पक्षी झाले,
डोकी कडक चहात बुडवून पिवळी केलेली.
"दूध नाही घालायचं, गिबी.
दुधाने पक्षी आजारी दिसतो."

घरटी तेवढी तिने गोणपाटाची केली,
सुतळी केसासारखी उकलून.
घरटं म्हटलं की गवत,
दुसरं काय असणार?

मे महिन्यात मान्सीच्या होडीतून कड्याखाली गेलो.
आधी वास आला, मग गलका, मग कडा.
विणीचा हंगाम होता.
विणत होते.
निळं, हिरवं, नारिंगी,
मासेमारीचे दोर, जाळ्यांची टोकं, फुग्याची फीत,
चोचीने ओवलेली, पायाने दाबलेली,
गवत त्यात शोधावं लागत होतं.
एक नर समोरच उतरला, चोचीत हातभर निळा धागा.
मादीने मान वर केली,
दोघांनी मिळून तो बसवला,
नवं बिऱ्हाड पडदा लावतं तसा.
काय उगवलेलं, काय टाकलेलं,
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
ऑस्लाने दुर्बीण माझ्या हातात दिली
आणि परत मागितली नाही.

किनारा लागता लागता एवढंच म्हणाली,
"मला वाटायचं, मी त्यांची नक्कल करते."

ऑक्टोबरात पिल्लं उडाली.
उरली ती अडकलेली.
एकाहत्तर वर्षांची ऑस्ला कमरेला दोर बांधून उतरली
कापडाची कात्री घेऊन,
जिला तिने तीस वर्षं कागदाला शिवू दिलं नव्हतं.
दोर धरून मी वर. मला दिसत काहीच नव्हतं.
फक्त कात्री, आणि दर वेळी एक शिवी,
ती पिल्लाला की दोराला की आम्हांला,
वाऱ्यात कळत नव्हतं.
सात सुटली.
आठव्याच्या पायात दोर होता
की दोराभोवती पाय वाढला होता,
त्याचं तिने पुढे सांगितलं नाही.

हिवाळाभर ती गोणपाटाची घरटी उसवत बसली.
कड्यावरून आणलेले धागे धुतले नाहीत,
विष्ठेसकट टाचले.
मान्सी म्हणाला, हे नगरभवनात कोण लावून घेईल?
लावून घेतलं.
लोक नाकाला रुमाल धरून जवळ गेले,
चित्राच्या इतकं जवळ इथे कुणी जात नाही.

उरलेले धागे तिने त्याच ढकलगाडीतून परत आणले.
अकरा किलो दोनशे ग्रॅम.
मी नोंदवही उघडली.
रकाने: कापड, प्लास्टिक, धातू, इतर.
पेन्सिल बराच वेळ हवेत राहिली.
"लिही काहीतरी," ती म्हणाली,
"माझा गुरुवार चाललाय."

मग वाट न बघता वळली,
ढिगातून एक लाल मफलर ओढला,
झटकला,
उजेडाकडे धरून भोकं मोजू लागली.
काट्यावर अजून
अकरा किलो दोनशे.